टँडेम सोलर सेलवर काम सुरू करताय?

इंदूरला खंडवा रोडवरच्या विद्यापीठात एमएस्सी करणारी आपली मराठी मुलं हल्ली विचारतात, "दादा, टँडेममध्ये पीएचडी करावी का?" जरूर करा. टँडेम म्हणजे एकावर एक रचलेले दोन सोलर सेल. नुसत्या सिलिकॉनच्या कार्यक्षमतेची सैद्धांतिक मर्यादा 29.4 टक्के, त्यावर पेरोव्हस्काइटचा (प्रकाश शोषणारा, विशिष्ट स्फटिकरचनेचा पदार्थ) थर चढवलेल्या सेलने 2025 मध्ये 34.85 टक्के गाठले. मात्र सुरुवातीलाच विक्रमाच्या मागे धावू नका. नुकसान नेमकं कुठे होतंय ते शोधायला शिका, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

वरचा पेरोव्हस्काइट साधारण 740 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश घेतो, पुढचा अवरक्त भाग खाली सिलिकॉनला मिळतो. दोन्ही एकसर जोडलेले, त्यामुळे व्होल्टेजची बेरीज होते, करंट मात्र ज्याचा कमी त्याचाच चालतो. चांगल्या सेलचा हिशेब करून बघा: 1.9 व्होल्ट, चौरस सेंटिमीटरला 20 मिलिअँपिअर, फिल फॅक्टर (व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकारातला प्रत्यक्ष हाती येणारा वाटा) 0.80. गुणाकार 30.4 मिलिवॅट, आणि पडणारा प्रकाश 100 मिलिवॅट, म्हणजे 30.4 टक्के. वरच्याचे 18 आणि खालच्याचे 22 निघाले, तर खालचे 4 वायाच. यात चकवा असा की करंटचा मेळ बिघडला की फिल फॅक्टर उलट सुधारतो. तो बघून नवी मुलं खूश होतात आणि दोष तसाच राहतो.

म्हणून क्वांटम एफिशियन्सी, म्हणजे प्रत्येक रंगाच्या प्रकाशकणांपैकी कितींचा करंट होतो ते, दोन्हींची वेगवेगळी मोजा. वरचा मोजताना खालच्यावर अवरक्त एलईडीचा झोत ठेवायचा, खालचा मोजताना वरच्यावर निळा, म्हणजे दुसरा सेल करंट अडवत नाही. हे न करता काढलेल्या ग्राफवर कुणी विश्वास ठेवू नये. वरचा कमी पडत असेल तर थर जाड करा किंवा बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) थोडा उतरवा.

करंट जुळला की व्होल्टेजकडे वळा. जास्त गळती पेरोव्हस्काइट आणि फुलरीनच्या (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा कार्बनचा थर) सांध्यावर होते. तिथे पॅसिव्हेशनवर, म्हणजे पृष्ठभागावरचे दोष निष्क्रिय करण्यावर, मन लावून काम करा. पेरोव्हस्काइटमधलं ब्रोमाइड वाढवतानाही जपून, प्रमाणाबाहेर गेलं तर उजेडात आयोडाइड-ब्रोमाइड वेगळे होतात आणि व्होल्टेज घसरतं.

इंदूरकरांना एक मोठी सोय आहे. यूजीसी-डीएई हे संशोधन केंद्र विद्यापीठाच्या आवारातच आहे आणि आरआरकॅट या इंदूरच्याच संशोधन संस्थेत इंडस-2 सिंक्रोट्रॉन (प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र). थरांची रचना तपासायची असेल तर गाइडशी बोलून बीमटाइमचा (ते यंत्र वापरायच्या वेळेचा) अर्ज वेळेत टाका. पावसाळ्यातली तारीख मिळाली तर नमुने ग्लोव्ह बॉक्समध्येच (कोरड्या वायूच्या बंद पेटीत) सीलबंद करून न्या. दमट हवेत पेरोव्हस्काइट टिकत नाही.