नेदरलँड्समध्ये सायकल घेतलीत? मग व्हॉल्व्हची ओळख करून घ्या

बीएसएन नंबर (इथला नागरिक क्रमांक) मिळाला, बँकेचं खातं उघडलं, की इथली पुढची खरेदी सायकलची. मार्क्टप्लाट्स या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवरून कुणाची तरी वापरलेली सायकल येते. कुलपं दोन घ्या, दिवे चालू आहेत का बघा, हे सगळे सांगतात; व्हॉल्व्हचं कुणी बोलत नाही. मग एके दिवशी सकाळी हवा भरताना व्हॉल्व्ह वाकतो किंवा तुटतो, आणि माणूस सायकल ढकलत दुकानाकडे निघतो. जरा थांबा. व्हॉल्व्ह कुठल्या प्रकारचा आहे आणि त्यातलं नेमकं काय मोडलंय ते आधी बघा. पुष्कळदा ते काम घरच्या घरी, ट्यूब बाहेर न काढता होतं.

हे सांगण्याचं कारण पैशाचं आहे. पुण्या-सांगलीत चौकातला पंक्चरवाला ट्यूब बदलून द्यायला किती घेतो, तो हिशोब इथे विसरा. डच सायकलच्या मागच्या चाकाला बंद चेनकव्हर, हबमधले गिअर, उलटं पेडल मारलं की लागणारा ब्रेक, असा सगळा संसार असतो. ते चाक सोडवणं हे वेळखाऊ काम आहे आणि इथे मजुरी वेळेवर लागते. दहा युरोंच्या आतल्या ट्यूबसाठी तिच्या कितीतरी पट मजुरी द्यावी लागते. शिवाय फीत्सेनमाकर, म्हणजे सायकल दुरुस्तीवाले, रविवारी बंद आणि त्यातले बरेच सोमवारीही बंद. (पुढचं टायर निळं असलेली महिन्याच्या भाड्याची सायकल असेल तर तुम्ही सुटलात, दुरुस्ती भाड्यातच येते. बाकीच्यांनी पुढे वाचा.)

साध्या डच सायकलला जो व्हॉल्व्ह असतो तो तुमच्या ओळखीचाच आहे. आपल्याकडच्या अ‍ॅटलस-हर्क्युलसला असतो तोच, डनलॉप किंवा वुड्स. इथे त्याला हॉलंड्स फेन्टील म्हणतात. वरची गोल नट सैल केली की आतला भाग अख्खा बाहेर येतो. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर रबरी व्हॉल्व्हट्यूब चढवलेली असते. नव्यात रबर नसतं, आत बारीक गोळी असते, त्याला ब्लिट्झ म्हणतात. रबरवाल्यात हवा भरताना ते रबर उचलायला जोर लावावा लागतो, ब्लिट्झमध्ये हात हलका चालतो. म्हणून जुना खराब झाला की ब्लिट्झच घाला. दोन्हींची बैठक एकच आहे.

आतला भाग मोडला असेल, टोक वाकलं असेल, रबर चिरलं असेल, तर ट्यूबला काही झालेलं नाही हे पक्कं समजा. नट सोडा, हवा फस्सकन जाईल, आतला भाग दोन बोटांनी सरळ वर ओढा. तुकडा आतच राहिला असेल तर बारीक टोकाच्या पकडीने हळूच ओढून काढा, आत ढकलू मात्र नका. नवा भाग घालताना त्याच्या बाजूचे कान नळीच्या खाचेत बसले पाहिजेत; ते बसले नाहीत तर नट कितीही आवळा, हवा निघत राहते. मग हवा भरा, बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवा. बुडबुडा आला नाही की झालं काम. हे दोन-तीन व्हॉल्व्हचं पाकीट कुठल्याही सायकलच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतं. दुकानात 'हॉलंड्स फेन्टील' म्हणा, पुरेसं आहे. भारतातून येताना कुणी 'काय आणू?' विचारलं तर व्हॉल्व्हट्यूबचा हातभर तुकडा सांगा, इथल्या जुन्या व्हॉल्व्हवर तो व्यवस्थित बसतो.

थोडी वेगात चालणारी किंवा रेसर सायकल घेतली असेल तर व्हॉल्व्ह बारीक आणि लांब असेल, प्रेस्टा. इथे फ्रान्स फेन्टील. वाकण्याच्या बहुतेक तक्रारी याच्या. टोकाला जी तारेएवढी काडी असते ती पंप तिरका ओढला की वाकते. वाकली असेल तर वरची चिमुकली नट काडीच्या टोकापर्यंत सैल करा आणि नटसकट धरून बोटांनीच हळूहळू सरळ करा. अगदी तंतोतंत सरळ झाली पाहिजे असं नाही. दाबली की आत जाते आणि सोडली की परत येते, एवढं जमलं तर ती चालेल. पुन्हा वाकली तर मात्र तुटणारच. तुटली तरी घाबरू नका, आतल्या हवेच्या दाबाने पडदा बंद राहतो, त्यामुळे बहुतेक वेळा घरापर्यंत पोचता येतं. घरी आल्यावर नळीच्या वरच्या भागाला समोरासमोर दोन सपाट बाजू दिसतात का बघा. दिसत असतील तर आतला गाभा पकडीने फिरवून निघतो आणि नुसता गाभा विकत मिळतो. दिसत नसतील तर ट्यूब बदलावी लागणार.

तिसरा मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह, श्रेडर. मुलांच्या सायकली, काही ई-बाइक यांना असतो. तो सहसा वाकत नाही. आतली पिन बिघडली तर गाभा काढायची छोटी किल्ली लागते. त्याबद्दल एवढंच पुरे.

आता नळीच वाकली असेल, म्हणजे ट्यूबला चिकटलेला धातूचा भाग, तर वेगळी गोष्ट. हवा पूर्ण काढा, नट नळीवर शेवटपर्यंत चढवा म्हणजे आटे चेपणार नाहीत, आणि हातानेच सरळ करा. एकदा चालतं. आटे गेले असतील किंवा नळी जिथे रबराला मिळते तिथे चीर पडली असेल, तर उपाय नाही. त्या जागी ठिगळ टिकत नाही, कोणी कितीही चांगलं सोल्युशन सांगो. ट्यूब घेताना टायरच्या कडेवरचा आकडा टिपून न्या. साध्या डच सायकलवर तो बहुधा ४०-६२२ किंवा ३७-६२२ असतो. व्हॉल्व्ह कुठला हवा तेही सांगा: प्रेस्टाच्या रिमचं भोक साधारण साडेसहा मिलिमीटरचं असतं, बाकी दोघांना आठाच्या वरचं लागतं. प्रेस्टाच्या रिमला डनलॉपची ट्यूब बसायची नाही.

पण ही चीर पडते कशाने? लोक पंपाला दोष देतात. माझ्या मते बहुतेक वेळा दोष कमी हवेचा असतो. टायर मऊ झालं की ब्रेक लावताना ते रिमवर इंच-इंच सरकतं, ट्यूबला सोबत ओढतं, आणि रिमच्या भोकात अडकलेला व्हॉल्व्ह तिरका होतो. अशा तिरक्या व्हॉल्व्हवर पंप लावला की बुडाशी फाटलाच म्हणून समजा. म्हणून सायकलचं कुलूप काढताना व्हॉल्व्हकडे नजर टाकायची सवय लावा. तो चाकाच्या मध्याकडे सरळ बघत असला पाहिजे. तिरका दिसला तर आधी सगळी हवा काढा, दोन्ही हातांनी टायर धरून उलट दिशेने सरकवा, व्हॉल्व्ह सरळ झाला की मगच भरा. रिमवरची नट बोटांनी घट्ट करा, पान्याने नको. आवळून बसवलेला व्हॉल्व्ह आणखी लवकर फाटतो.

किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर बारमध्ये (दाबाचं एकक) लिहिलेलं असतं. पंपावरच्या काट्यावर फार विसंबू नका. डनलॉप व्हॉल्व्ह बंद असताना टायरमधला दाब काट्यापर्यंत पोचतच नाही, काटा नळीतला दाब दाखवतो. अंगठ्याने दाबून बघा, टायर जेमतेम दबलं पाहिजे. थंडीत दाब आपोआप उतरतो, त्यामुळे ऑक्टोबरपासून जरा जास्त लक्ष द्या. पंप लावताना एका हाताने व्हॉल्व्हची नळी धरायची आणि काढताना पंपाचं डोकं सरळ ओढायचं, हलवून-हलवून नाही. डनलॉप आणि प्रेस्टाला पंपाचं एकच भोक चालतं. पेट्रोल पंपावरची हवा मात्र श्रेडरचीच, तिथे पितळी अ‍ॅडॅप्टर लागतो. तो किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवा, आणि तिथे हवा थोडी-थोडी भरा, कॉम्प्रेसरने ट्यूब फुटायला वेळ लागत नाही.

घरापासून लांब असताना व्हॉल्व्ह बुडातून गेलाच तर बसलेल्या टायरवर सायकल चालवू नका, टायर आणि रिम दोन्ही जातील. मोठ्या स्टेशनांच्या सायकल पार्किंगजवळ बऱ्याचदा दुरुस्तीचं दुकान असतं, आधी तिथे चौकशी करा. ट्रेनने न्यायची झाली तर सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९ व दुपारी ४ ते ६.३० या गर्दीच्या वेळात सहसा सायकल चढवू देत नाहीत. घडीची सायकल घडी करून कधीही नेता येते.