पेशंटजवळ थांबताय? इन्फेक्शन पसरू नये म्हणून हे करा

पेशंट एका आजारासाठी ॲडमिट होतो आणि हॉस्पिटलमध्येच दुसरं इन्फेक्शन जडतं, हे पुष्कळदा हातांवाटेच होतं, आणि ते हात फक्त डॉक्टर-सिस्टरचेच असतात असं नाही, जवळ थांबणाऱ्यांचेही असतात.

1. सर्दी, खोकला, ताप किंवा जुलाब असतील तर भेटायला जाऊच नका, फोनवर बोला.

2. हात. सगळ्यात महत्त्वाचं हेच. खोलीत शिरताना, पेशंटला भरवायच्या आधी, बेडपॅन उचलल्यावर आणि निघताना, दरवेळी. सॅनिटायझर असेल तर 20 ते 30 सेकंद, हात सुकेपर्यंत चोळा, साबण-पाणी असेल तर सगळं मिळून 40 ते 60 सेकंद. बरेच जण नुसते तळवे चोळतात, अंगठे आणि बोटांची टोकं तशीच राहतात, आणि नेमकं त्यांनीच तर आपण सगळीकडे हात लावतो! म्हणून अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवा, बोटांची टोकं तळव्यावर घासा. पेशंटला जुलाब असतील तर सॅनिटायझरवर भागवू नका, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूचे बीजाणू (जंतूचं टणक कवचातलं रूप) अल्कोहोलने मरत नाहीत, ते साबण-पाण्यानेच धुवून काढावे लागतात.

3. ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुवायला नकोत असं अजिबात नाही, काढल्यावरही धुवायचेच.

4. नळ्यांकडे लक्ष ठेवा. सलाईनच्या सुईची जागा लाल झाली, सुजली किंवा पट्टी ओली झाली तर लगेच सिस्टरला सांगा. युरिन बॅग कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला हवी पण जमिनीला टेकायला नको, पेशंटला चालवताना ती वर उचलली की लघवी नळीतून उलटी आत जाऊ शकते. आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, अजून लागणारे का हे रोज विचारा, कारण जितके जास्त दिवस राहील तितका धोका वाढतो, पण स्वतः काढायला जाऊ नका.

5. पेशंटच्या बेडवर बसू नका, मोबाईल पुसून घ्या.

6. विचारायला लाजू नका. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूती विभागात तिथले डॉक्टर सेमेलवाइस यांनी बाकीच्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले, तेव्हाही कित्येक डॉक्टरांना ते पटलं नव्हतं. आज पटलंय, पण धावपळीत राहून जातं. त्यामुळे शांतपणे म्हणा, "डॉक्टर, ड्रेसिंगच्या आधी जरा सॅनिटायझर घेता का?"