शेअर स्वस्त की महाग? हिशेब करताना या चुका टाळा

"पी-ई आठ हाय, डोळं झाकून घे गा," असा सल्ला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर फुकट मिळतो. पी-ई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा (ईपीएस); तो कमी म्हणजे शेअर स्वस्त, असा समज. भाव सगळ्यांनाच दिसतो. गफलत होते ती नफा कुठला धरला यात.

तेजीच्या वर्षाचा नफा धरणे

ही चूक कोल्हापूरकरानं तरी करू नये. ट्रक-ट्रॅक्टरच्या ऑर्डरी जोरात असल्या की शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या (धातूच्या ओतकामाचे कारखाने) तीन पाळ्यांत चालतात आणि मंदीत कामगारांना सुट्ट्या देतात, हे आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. तरी शेअर घेताना माणूस नेमकं तेच विसरतो.

समजा, एका कास्टिंग कंपनीचा पाच वर्षांचा ईपीएस 8, 5, 12, 25 आणि 30 रुपये आहे, आणि आजचा भाव 240. शेवटच्या वर्षावर पी-ई येतो 8. पाच वर्षांच्या सरासरीवर, म्हणजे 16 रुपयांवर, तोच 15 होतो. उलट 5 रुपयांच्या वर्षी भाव 100 असता तर पी-ई 20 दिसला असता आणि 'महाग आहे' म्हणून सगळ्यांनी तोंड फिरवलं असतं. चढ-उताराच्या धंद्यात पी-ई सगळ्यात कमी दिसतो तो बऱ्याचदा तेजीच्या शेंड्यावर.

आता त्या 30 रुपयांतले 6 रुपये जुनी जागा विकून आलेले निघाले, तर? धंद्याचा नफा 24 आणि पी-ई 10. तिमाही निकालात 'अपवादात्मक बाबी' आणि 'इतर उत्पन्न' या दोन ओळी आधी वाचा. ग्रुपच्या उपकंपन्या असतील तर स्टँडअलोन (एकट्या कंपनीचे) नव्हे, कन्सॉलिडेटेड (उपकंपन्यांसकट) आकडे घ्या. नफा दरवर्षी वाढतोय पण कामकाजातून रोख येत नाही, असं कॅश फ्लोमध्ये (रोखीच्या आवक-जावकीच्या तक्त्यात) दिसलं, तर माल उधारीवर गेलाय का, की गोदामात पडून आहे, ते बघा.

साखर कंपन्यांत आणखी एक भानगड, ती म्हणजे सरकार. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि साखरेचे शेअर धडाधड पडले. 2024-25 च्या हंगामात एफआरपी (उसाला द्यावा लागणारा किमान भाव) क्विंटलला 340 रुपये झाली, पण साखरेचा किमान विक्री दर 2019 मध्ये ठरलेला किलोला 31 रुपयेच होता. अशा कंपनीचा एका वर्षाचा नफा पुढं ओढत नेऊ नका.

कर्ज न बघणे

समजा, दोन कंपन्यांचं बाजारमूल्य (सगळ्या शेअरची मिळून किंमत) प्रत्येकी 500 कोटी, व्याज-घसाऱ्याआधीचा नफा प्रत्येकी 100 कोटी. पहिलीवर 300 कोटींचं कर्ज, दुसरीकडं 50 कोटी रोख. अख्खा धंदा विकत घ्यायचा तर कर्जही अंगावर येतं आणि रोखही हातात येते, म्हणून पहिली पडते 800 कोटींना, दुसरी 450 ला. एक नफ्याच्या आठ पट, दुसरी साडेचार पट. बँकांना हा हिशेब लावू नका. तिथं पुस्तकी मूल्य (मालमत्ता वजा देणी) आणि बुडीत कर्जं बघतात.

दहा रुपयांचा शेअर स्वस्त आणि हजाराचा महाग, हा गैरसमज अजून गेलेला नाही. शेअर किती आहेत ते माहीत नसेल तर नुसत्या भावाला अर्थ नाही.

एक्सेलवर फाजील विश्वास

डीसीएफमध्ये (पुढं येणाऱ्या रोखीवरून आजची किंमत काढण्याच्या पद्धतीत) पुढच्या वर्षीची रोख 10 रुपये आणि अपेक्षित परतावा 12 टक्के धरा. किंमत म्हणजे ही रोख भागिले (परतावा वजा वाढ); कायमची वाढ 5 टक्के धरली तर ती येते 143 रुपये, 7 टक्के धरली तर 200. एका कोष्टकातला आकडा दोननं हलवला आणि किंमत 40 टक्क्यांनी वाढली! मनातला भाव आधी ठरवून वाढीचा दर मागून बसवणारे बरेच भेटतात.

त्यापेक्षा उलटा हिशेब करा. आजचा भाव 200 असेल, तर त्यात कायमची 7 टक्के वाढ आधीच धरलेली आहे. मग वार्षिक अहवाल उघडून मागच्या दहा वर्षांची वाढ, मंदीची वर्षं धरून, तिच्याशी ताडून बघा.