टक्कल असलेल्यांनी डोक्याच्या कातडीची काळजी कशी घ्यायची

टक्कल पडलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, केस परत येतील का आणि ट्रान्सप्लांटला खर्च किती. पण जी कातडी आता उघडी पडलीये तिचं काय करायचं हे कुणीच सांगत नाही, घरचे नाही, सलूनवाला नाही, आणि मग कितीतरी माणसं डोक्यावर उन्हाचे डाग, मानेमागे पुटकुळ्या आणि कानामागे खाज घेऊन वर्षानुवर्षं तशीच फिरतात. सहन करण्यासारखं त्यात काही नाहीये, बरंचसं टाळता येतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की करून टाका. तुमचा चेहरा आता कपाळापाशी संपत नाही, तो थेट मानेपर्यंत मागे जातो. फेसवॉशचा हात, मॉइश्चरायझरचा हात, सनस्क्रीनचा हात, सगळं कपाळावरून न थांबता मागे न्यायचं. कारण असं की अनुवंशिक टकलात केसाचं मूळ बारीक होत होत जातं पण त्याच्या शेजारची तेलाची ग्रंथी जात नाही, ती आधीसारखीच तेल सोडत राहते. पूर्वी ते तेल केसांवर पसरायचं, आता सगळं कातडीवर बसतं, म्हणून डोकं चमकतं. आणि वरची केसांची सावली गेली ती गेलीच. म्हणजे कातडी तेलकटही आहे आणि उघडीही आहे, दोन्हीचा बंदोबस्त करावा लागतो.

धुण्यापासून सुरू करू. अंगाचा साबण डोक्यावर फिरवायची सवय सोडा. साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९-१० च्या आसपास असतो आणि कातडीचा ५.५ च्या आसपास, त्यामुळे धुतल्यावर डोकं ताणल्यासारखं वाटतं आणि दुपारपर्यंत परत तेलकट होतं. चेहऱ्याला जो सौम्य फेसवॉश लावता तोच वर न्या, महागडा वेगळा घ्यायची काहीएक गरज नाही. बाजूला आणि मागे केसांची झालर शिल्लक असेल तर तेवढ्याला शाम्पू. पाणी कोमट घ्या, गीझरचं कढत पाणी थेट डोक्यावर ओतू नका, हिवाळ्यात तर अजिबात नाही. बोटांच्या पेरांनी हलक्या हाताने चोळायचं, नखं लावायची नाहीत, आणि फेस दोन ठिकाणी हमखास राहतो, कानाच्या मागच्या खाचेत आणि मानेवर जी वळी पडते तिथे, तिथे बोट घालून नीट धुवा, खाज बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. मग पंचा किंवा मऊ टॉवेल टेकवून टिपून घ्या, खसाखसा पुसू नका. दिवसातून दोनदा पुरे, सकाळी आणि कामावरून आल्यावर.

मॉइश्चरायझर डोकं किंचित ओलं असतानाच लावा. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत हलकं जेलसारखं पुरतं, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे, नगरकडे कोरडी थंडी पडते तेव्हा ग्लिसरीनवालं जरा जाड क्रीम घ्या. पातळ कोरडा पापुद्रा सुटत असेल तर पाच ते दहा टक्के युरिया असलेलं लोशन चांगलं काम करतं, पण डोक्याची दाढी केलेल्या दिवशी ते लावू नका, चुरचुरतं.

आता उन्हाकडे येतो, कारण माझ्या मते यातच सगळ्यात जास्त हयगय होते. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस, पुण्यात साधारण मेच्या मध्याला आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात (दुसऱ्यांदा येतो तो पावसाळ्यात, तेव्हा ढग असतात). जमिनीवर सावली पडत नाही याचा अर्थ ऊन सरळ टाळूवर उतरतंय, नाकावर किंवा गालावर नाही, तर नेमकं जिथे केस नाहीत तिथेच. चंद्रपूर, अकोला, नागपूरला ४५ अंशाच्या वर पारा जातो तेव्हा लू लागू नये म्हणून लोक आपोआप डोकं बांधतात, पण पुण्या-मुंबईत तेवढं भाजत नाही म्हणून उघडं डोकं घेऊन दुपारी बिनधास्त हिंडतात. अतिनील किरणं उष्णतेसारखी जाणवत नाहीत, गार वारा असला तरी पोचतात, ढगातूनही बऱ्यापैकी पोचतात.

सनस्क्रीन घेताना एसपीएफ ३० किंवा ५० बघा. ३० वालं सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारी अतिनील किरणं, अडवतं आणि ५० वालं सुमारे ९८, त्यामुळे आकड्यापेक्षा लावता किती आणि परत लावता का हेच महत्त्वाचं. ट्यूबवर 'PA' लिहिलेलं असतं, ते यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांसाठी, त्याच्यापुढे तीन प्लस तरी असावेत. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडवाली क्रीमं आपल्या सावळ्या रंगावर पांढरट, राखाडी दिसतात आणि टकलावर तर फारच उठून दिसतात, म्हणून जेल किंवा पातळ लोशन बघा, मॅट लिहिलेलं असेल तर चमकही कमी होते. प्रमाण म्हणाल तर दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत पट्टी ओढा, एवढं डोक्याला लागतं, चेहऱ्याचं वेगळं. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. घामाबरोबर डोळ्यात उतरून झोंबतं म्हणून बरेच जण सोडून देतात, तर वॉटर रेझिस्टंट घ्या आणि भुवयांच्या वर एक बोट जागा मोकळी ठेवा. आणि कान! कानाची वरची कड आणि मानेचा मागचा भाग सगळे विसरतात, आधी तिथे केस लोंबत असायचे त्यामुळे तिथे काही लावायची सवयच नसते. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी परत लावायचं, ऑफिसवाल्यांनी निदान दुपारी जेवायला बाहेर पडायच्या आधी.

खरं तर सनस्क्रीनपेक्षा कापड भरवशाचं. गावाकडे शेतावर जाणारी माणसं जो पटका, मुंडासं बांधतात त्याला तोड नाही, टाळू, कान, मान सगळं झाकलं जातं आणि घामही तेच शोषतं. विदर्भात दुपट्टा बांधतात तोही तसाच. गांधी टोपीने टाळू झाकतो पण कान आणि मान उघडी राहते, बेसबॉल कॅपचंही तेच, त्यामुळे ती घालत असाल तर कानाला-मानेला सनस्क्रीन लावाच. टोपीचं कापड उजेडासमोर धरून बघा, आरपार उजेड दिसला तर ऊनही जातं, दाट विणीचं घ्या.

तिरुपतीला केस देऊन आलेल्यांना आणि घरी कुणी गेल्यावर मुंडण केलेल्यांना मुद्दाम सांगतोय, तुमची टाळू इतकी वर्षं केसांखाली होती, तिने ऊन पाहिलेलंच नाही, ती एका दुपारीत भाजून निघते. चंदनाचा लेप गार वाटतो पण उन्हाला तो सनस्क्रीनइतका अडवत नाही, वरून टोपी किंवा उपरणं घ्याच.

पुढचं, डोक्याची दाढी. कितीतरी जण झालर पण काढून पूर्ण चकोट करतात, चांगलं दिसतं, फक्त पद्धत नीट पाहिजे. आंघोळीनंतर करा, आधी नाही, म्हणजे खुंट मऊ झालेले असतात. केस वाढलेले असतील तर आधी ट्रिमरने झिरो करून घ्या आणि मगच ब्लेड. शेव्हिंग जेल लावून दोन मिनिटं थांबा. आता कोरड्या तळहाताने चारी बाजूंनी हात फिरवून केस कुठल्या दिशेला जातात ते जेल लावायच्या आधीच बघून ठेवलेलं बरं, कारण ते सगळीकडे सारखं नसतं, वर पुढच्या बाजूला जातात, बाजूंना खाली, मानेवर कधी कधी आडवे, आणि भोवऱ्यापाशी गोल फिरतात. रेझर त्याच दिशेने न्यायचा, भोवऱ्यापाशी छोटे छोटे हात मारत गोल गोल. उलटा हात मारला की तुळतुळीत होतं खरं, पण केस कातडीच्या आत कापला जातो आणि वाढताना वाकडा होऊन आतच घुसतो, मग मानेमागे त्या लाल दुखऱ्या पुटकुळ्या येतात. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांना हा त्रास जास्त. रेझर दाबू नका, दर दोन हातांनी धुवा, ब्लेड ओढायला लागलं की बदला. पुटकुळ्या वारंवार येत असतील तर ब्लेड सरळ बंद करा आणि ट्रिमरवर या, एक मिलिमीटर खुंट ठेवला तर जगात काही बिघडत नाही.

नंतर गार पाणी, आणि साधं मॉइश्चरायझर. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह नको. तुरटी घरची, स्वतःची असेल तर कापलेल्या जागेपुरती ठीक आहे, पूर्ण डोक्यावर घासू नका, कोरडं पडतं. सलूनमध्ये मात्र एकच तुरटीचा खडा सगळ्या गिऱ्हाइकांवर फिरतो, त्याला स्पष्ट नाही म्हणा. आणि वस्तऱ्यात नवीन ब्लेड डोळ्यासमोर घालायला लावा, यात भीड बाळगायची नाही, हेपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात आणि टाळूवर बारीक कापणं तर होतंच.

हेल्मेटवाल्यांनो, आत सुती टोपी घाला, पातळ, आणि रोज धुतलेली. केस नसल्यामुळे घाम थेट आतल्या स्पंजमध्ये जातो आणि तोच घाणेरडा स्पंज दुसऱ्या दिवशी टाळूला घासतो. लाइनर निघत असेल तर आठवड्याला काढून धुवा, न निघणारा असेल तर ओल्या कपड्याने पुसून वाऱ्याला उलटं ठेवा. पावसाळ्यात ओलं हेल्मेट तसंच चढवू नका, बुरशीला तेच हवं असतं. आणि हेल्मेट घालायचंच, घाम येतो हे काही न घालण्याचं कारण नाही.

कोंडा टकलालाही होतो, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. मॅलेसेझिया नावाची बुरशी कातडीवरच्या तेलावर जगते, केसावर नाही, म्हणून लालसर कातडीवर पिवळट तेलकट खपल्या धरतात, भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही. अशा वेळी घरचे म्हणतात डोकं कोरडं पडलंय, रात्री खोबरेल चोपड, आणि त्याने ते वाढतं. दोन टक्के केटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा, दोन-चार आठवड्यांत फरक पडतो. बाकी कांद्याचा रस, लसूण, लिंबू टाळूवर चोळू नका. कच्च्या लसणाने अक्षरशः भाजतं, आणि लिंबू लावून उन्हात गेलात तर फोड येऊन काळे डाग पडतात जे महिनोन्‌महिने जात नाहीत. झालरीला काळी मेहंदी किंवा डाय लावणाऱ्यांनी आधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास बघा, त्यातल्या पीपीडी या रंगाच्या रसायनाची अ‍ॅलर्जी वाईट असते.

मेडिकलवाल्याकडून खाजेची ट्यूब मागून आणणं मात्र कळकळीने सांगतो, करू नका. त्यातल्या बऱ्याच मिक्स क्रीममध्ये क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन असतं, म्हणजे स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून माणूस खूश होतो, पण नायटा असेल तर तो आतून पसरत राहतो आणि कातडी पातळ होते.

महिन्यातून एकदा मोबाईलने डोक्याचे वरून आणि मागून फोटो काढा, किंवा बायकोला, मुलाला काढायला सांगा, आपल्याला स्वतःला टाळू दिसत नाही. सॅंडपेपरसारखा खरखरीत चट्टा जो क्रीमने जात नाही, तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम, आपोआप रक्त येणारी खपली, किंवा आकार-रंग बदलणारा तीळ दिसला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. उन्हाने कातडीचा कॅन्सर आपल्या रंगाच्या लोकांत गोऱ्यांपेक्षा कमी होतो पण होतो, आणि उघड्या टाळूवर तो लवकर दिसतो, म्हणजे लवकर काढताही येतो. चांदीसारखे जाड पापुद्रे असतील तर सोरायसिस असू शकतो, त्याचे उपचार वेगळे. डॉक्टरकडे जाताना आतापर्यंत जे जे लावलंय त्या सगळ्या ट्यूब, तेलाच्या बाटल्या, वैद्याने दिलेली पुडीसुद्धा पिशवीत घालून घेऊन जा आणि टेबलावर काढून ठेवा, आणि त्या दिवशी सकाळी डोक्याला काहीही लावू नका, म्हणजे त्यांना कातडी जशी आहे तशी बघता येते.