मायक्रोस्कोपखाली काहीच दिसत नाही? या चुका टाळा

जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "मॅडम, ह्यात काहीच दिसंना." पाठोपाठ दुसरा मायक्रोस्कोप मागितला जातो. खरं तर उपकरण क्वचितच बिघडलेलं असतं. बिघाड असतो तो स्लाइडवर नाहीतर उजेडात. सोलापुरात त्यात कोरडी हवा आणि धूळ यांची भर पडते.

उजेड जास्त झाला की पेशी हरवते

दिवा फुल, डायफ्राम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) सताड उघडा आणि आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) नुसता पांढरा गोल. ही चूक सर्रास होते. गालाच्या आतल्या पेशी घेऊन पाहा. टूथपिकने हलकेच खरवडून पाण्याच्या थेंबात पसरल्या आणि रंग दिला नाही, तर त्या जवळजवळ पारदर्शक असतात. भरपूर उजेडात त्या दिसणारच नाहीत. आता डोळा आयपीसवरून न काढता डायफ्रामची दांडी सावकाश सरकवा. एका टप्प्यावर पेशीची वेडीवाकडी कड उमटते, मग आतला केंद्रकाचा ठिपका. तिथेच थांबा. त्याहून बंद केलं तर कडा जाड आणि काळ्या होतात, एका रेषेच्या दोन दिसू लागतात. ही दुहेरी रेष कितीतरी जर्नलमध्ये 'पेशीभित्तिका' म्हणून काढलेली असते. प्राण्यांच्या पेशीला पेशीभित्तिका नसतेच, हे पाठ असूनही.

डायफ्राम एकदा लावला की झालं, असं नाही. ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग; ४एक्स, १०एक्स, ४०एक्स म्हणजे ते किती पट मोठं दाखवतं) बदलला की डायफ्राम पुन्हा लावायचा. कंडेन्सर (उजेड स्लाइडवर एकवटणारं खालचं भिंग) शक्यतो वर, स्टेजच्या म्हणजे स्लाइड ठेवायच्या पाटाच्या जवळ ठेवायचा. आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर कंडेन्सरसोबत सपाट आरसा आणि कंडेन्सर नसेल तर अंतर्वक्र आरसा वापरायचा. आणि आरसा थेट सूर्याकडे कधीही वळवायचा नाही. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर नाहीच नाही, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा आभाळाचा उजेड पुरेसा असतो.

कांदा आपल्याच गावचा, तरी स्लाइड बिघडते

मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते त्या गावात कांद्याच्या पेशी नीट न दिसणं मनाला लागतं. पापुद्रा जाड निघतो, हे त्याचं पहिलं कारण. पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूची पारदर्शक साल घ्यायची. ती एकाच थराची असते. पाकळी मोडून चिमट्याने ओढली की सुटते. ती लगेच पाण्यात टाका. हवेत धरून ठेवली तर गुंडाळी होते, आणि गुंडाळलेल्या सालीत पेशींचे थर एकमेकांवर चढून काहीच स्पष्ट दिसत नाही.

दुसरं कारण हवेचे बुडबुडे. काळीभोर जाड कड असलेला अगदी गोल आकार दिसला, तर ती पेशी नव्हे. कव्हरस्लिपची (वर झाकायच्या पातळ काचेची) एक कड थेंबाला टेकवून, सुईच्या आधाराने तिरकी धरून हळूहळू सोडली तर बुडबुडे अडकत नाहीत.

तिसरं कारण खास आपल्याकडचं. उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवलेली स्लाइड बघता बघता सुकते. पाणी आटलं की पेशी सुकून आक्रसतात, आणि विद्यार्थी 'प्लाझ्मोलिसिस दिसला' (म्हणजे पाणी बाहेर गेल्याने पेशीतला भाग भित्तिकेपासून सुटला) असं लिहून मोकळे होतात. कव्हरस्लिपच्या कडेला ड्रॉपरने एक थेंब पाणी सोडत राहा. जिवंत पेशींवर ग्लिसरीन मात्र नको, कारण तेही पेशीतलं पाणी ओढून घेतं. रंगवलेल्या स्लाइडला ते चालतं.

प्लाझ्मोलिसिस खरंच बघायचा असेल तर लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरची, जांभळी साल घ्या. कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाचं पाणी सोडा, दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या. रंग रिक्तिकेत (पेशीतल्या द्रवाच्या पिशवीत) असल्याने जांभळा भाग डोळ्यांदेखत आक्रसतो. मग साधं पाणी सोडा, तो पुन्हा पसरतो. हा प्रयोग प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने करावा असं मला मनापासून वाटतं.

४०एक्स फोकसच होत नाही

आधी स्लाइड उलटी ठेवली आहे का ते बघा. काचपट्टी साधारण १ मिलिमीटर जाड असते, कव्हरस्लिप जेमतेम ०.१७ मिलिमीटर. ४०एक्स ऑब्जेक्टिव्ह फोकसला येतो तेव्हा तो कव्हरस्लिपपासून बहुधा मिलिमीटरभरही दूर नसतो. स्लाइड पालथी असेल तर मध्ये अख्खी काचपट्टी येते आणि भिंग तिथवर पोचतच नाही. कमी पॉवरवर मात्र सगळं ठीक दिसतं, त्यामुळे संशय येत नाही. मोठा स्क्रू फिरवत राहिलं तर आधी स्लाइड फुटते, मग भिंगावर ओरखडा येतो. सुरुवात नेहमी ४एक्सने करा, हवा तो भाग बरोबर मध्ये आणा, मग चढत जा. ४०एक्सवर फक्त बारीक स्क्रू.

स्लाइड सरळ असूनही चित्र धूसर असेल तर भिंगाला रंग किंवा तेल लागलेलं असतं. इमर्शन ऑइल (भिंग आणि स्लाइडच्या मध्ये घालायचं तेल) फक्त १००एक्ससाठी असतं. तेलाच्या थेंबावरून ४०एक्स फिरवला की तो माखलाच. ठिपका दिसत असेल तर आयपीस गोल फिरवा. ठिपकाही फिरला तर घाण आयपीसवर आहे. स्लाइड सरकवल्यावर सरकला तर स्लाइडवर. पुसताना रुमाल, ओढणी नको. आपल्याकडची धूळ बारीक वाळूसारखी खरखरीत असते. आधी रबरी ब्लोअरने उडवा, मग लेन्स पेपर.

तलावाचं पाणी आणलं, पण जीव सापडेनात

कंबर तलाव, सिद्धेश्वर तलाव किंवा हिप्परगा, कुठूनही वरचं स्वच्छ पाणी आणलं तर हाती फारसं लागत नाही. पाणवनस्पतींची मुळं, देठ, दगडावरचं शेवाळ बाटलीतल्या पाण्यात खंगाळा. बाटली अर्धीच भरा, झाकण सैल ठेवा, उन्हात ठेवू नका. हात साबणाने धुवा.

घरबसल्या हवे असतील तर कडब्याचे तुकडे पाण्यात उकळून गार करा आणि त्यात तलावाचं थोडं पाणी घाला. आधी जिवाणू वाढतात, पाणी गढूळ होतं. मग काही दिवसांत त्यांच्यावर जगणारे पॅरामेशियमसारखे जीव दिसू लागतात. ते फार वेगाने पळतात, म्हणून थेंबात कापसाचे चार तंतू सोडा. पॅरामेशियम त्यांत अडकून थबकतो आणि कडेच्या केसलांची (बारीक केसांसारख्या तंतूंची) लाट नीट दिसते.

आकडे आणि आकृती

आयपीसवर '१०एक्स/१८' असं असेल तर १८ ला ऑब्जेक्टिव्हच्या आकड्याने भागा, दिसणाऱ्या गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. १०एक्सवर १.८. त्यात कांद्याच्या सहा पेशी लांबीने बसल्या तर एक पेशी ०.३ मिलिमीटर. नुसतं '१०० पट' लिहिण्यापेक्षा हे लिहा. आणि पुस्तकातली आकृती उतरवू नका. रायबोसोम साध्या मायक्रोस्कोपखाली दिसूच शकत नाहीत, तरी कांद्याच्या आकृतीत ते नावासकट हजर असतात.

पालकांसाठी: खोक्यावरच्या '१२०० पट'ला भुलू नका. साध्या प्रकाशात साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, पट कितीही वाढवा. चांगला ४०एक्स, कंडेन्सर आणि डायफ्राम बघून घ्या. काम झालं की झाकून ठेवा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. दमट हवेत भिंगावर बुरशी चढते आणि ती भिंगाचा थर खराब करते. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करून वापरता येतात.