लांबच्या दोन विमानतळांमधलं अंतर आणि फ्लाइट टाइम काढताय? या चुका टाळा

तिकिटावरच्या दोन वेळा वजा करून फ्लाइट टाइम काढणारे लोक अजून आहेत आणि भरपूर आहेत. अरे बाबांनो, सुटायची वेळ त्या गावच्या घड्याळाची आणि उतरायची वेळ या गावच्या घड्याळाची असते!

ओळखीतल्या एकाचं टोकियो ते लॉस एंजेलिस तिकीट होतं, ऐन उन्हाळ्यातलं. १ तारखेला संध्याकाळी ५ ला सुटणार आणि १ तारखेलाच सकाळी ११ ला पोचणार. साहेबांनी ठरवून टाकलं की छपाईची चूक आहे. १० तासांचं उड्डाण, संध्याकाळी निघालो तर दुसऱ्या दिवशीच पोचणार ना, म्हणून हॉटेल बुक केलं २ तारखेपासून. मी सांगत होतो की मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते, पूर्वेकडे जाताना ती ओलांडली की तारीख एक दिवस मागे जाते, ऐकतोय कोण. उतरले १ ला सकाळी ११ वाजता, खोली नाही, आणि वर मलाच फोन.

मी काय करतो, तर दोन्ही वेळा आधी कागदावर यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाण वेळेत लिहितो. टोकियो ९ तास पुढे, म्हणजे सकाळचे ८. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात ७ तास मागे, म्हणजे संध्याकाळचे ६. झाले १० तास. अ‍ॅप आहे ना म्हणणाऱ्यांना काय बोलणार. आणि मार्चमध्ये जास्त जपा, अमेरिका घड्याळं युरोपच्या आधी पुढे करते त्यामुळे न्यूयॉर्क-लंडनमधला एरवीचा ५ तासांचा फरक तेवढे २-३ आठवडे ४ वर येतो.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे अंतर भागिले ९००, म्हणजे विमानाचा ताशी किमी वेग. लंडन-न्यूयॉर्क साधारण ५,५५० किमी, भागाकार केला की सव्वासहा तासांच्या आत, पठ्ठ्या खूश. पण वेळापत्रकातली वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, त्यात विमानाचं धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणं, हवेत वर चढणं, खाली उतरणं सगळं आलं. शिवाय जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून न्यूयॉर्कहून लंडनला साधारण ७ तास आणि उलट जाताना ८ च्या आसपास, हिवाळ्यात फरक अजून वाढतो. मी ८५० ने भागतो, अर्धा तास मिळवतो आणि मग दोन्ही दिशांचं खरं वेळापत्रक बघतोच. एकाच दिशेचा आकडा घेऊन दुप्पट करणाऱ्यांनी निदान कनेक्टिंग फ्लाइट तरी त्या हिशोबावर घेऊ नये.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. न्यूयॉर्क-हाँगकाँगचा सगळ्यात जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाजवळून जातो, पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा.

सगळ्यात जवळचा मार्ग मोकळा असेलच असंही नाही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपियन कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो साडेनऊ तासांच्या आसपास होतं ते १२-१३ वर गेलं, शहरं होती तिथेच आहेत.

अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायचा फॉर्म्युला स्वतः लावत असाल तर अंशांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करा. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्या, नाहीतर न्यूयॉर्क किर्गिझस्तानात जाऊन पडतं (खरंच पडतं, करून बघा). नॉटिकल मैल १.८५२ किमीचा, साधा मैल १.६०९ चा.

आणि शहराचं नाव टाकून मोकळे होऊ नका, विमानतळाचा कोड टाका. सॅन होजे कॅलिफोर्नियात एसजेसी आहे आणि कोस्टा रिकात एसजेओ, ड्रॉपडाउनमधलं पहिलं नाव घाईघाईत दाबलं की पुढचा सगळा हिशोब भलत्याच देशाचा होतो.