वर्गात व्हॉइस असिस्टंट वापरताना मुलांची प्रायव्हसी कशी जपावी

वर्गात स्मार्ट स्पीकर आणायचा असेल, तर खोकं उघडण्याआधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. पालकांनाही लेखी कळवा: स्पीकर कशासाठी वापरणार, कधी चालू असणार, रेकॉर्डिंग कुठे जाणार. कुणी नको म्हटलं, तर ते मूल वर्गात असताना स्पीकर बंद ठेवा. यात तडजोड नको.

स्वतःचं घरचं खातं कधीच जोडू नका. नाहीतर तुमची खासगी रिमाइंडर्स वर्गात ऐकू येतील आणि मुलांचे आवाज तुमच्या खात्यात साठत राहतील. शाळेच्या नावाने वेगळं खातं काढा. त्यात कॉल, मेसेज आणि खरेदी बंद ठेवा, मुलांच्या आवाजाची ओळख नोंदवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माइक. ॲमेझॉनच्या एको स्पीकरला जागं करणारी 'अलेक्सा' ही हाक स्पीकर स्वतःच ओळखतो. पण हाक ऐकल्यासारखं वाटलं, की पुढचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर जातं. गलक्यात ही चूक सहज होते. एखाद्या मुलीचं नाव ॲलेक्सिस असेल, तर हाकेचा शब्द बदला. 'कॉम्प्युटर' हा पर्याय मिळतो, पण तो शब्द वर्गात सारखा येतो, म्हणून टाळलेलाच बरा. खरा उपाय एकच: माइक एरवी बंद, प्रश्नापुरता चालू. एकोवर माइक बंद असला की लाल दिवा लागतो. तो मुलांना दाखवून ठेवा. दिवा नसला तर तीच आठवण करून देतील. प्रश्न शिक्षकांनी विचारावा, त्यात मुलाचं नाव, गुण, आजारपण येऊ देऊ नये.

मग अलेक्सा ॲपमध्ये जाऊन रेकॉर्डिंग न साठवण्याचा पर्याय निवडा. आवाज क्लाउडवर पाठवूच नये, अशी सोय काही एको स्पीकरवर होती. ती ॲमेझॉनने मार्च 2025 मध्ये बंद केली. त्यामुळे न साठवण्याचा पर्याय निवडला, तरी हाकेनंतरचं बोलणं सर्व्हरपर्यंत जातंच. मुलांची रेकॉर्डिंग्ज बेमुदत ठेवल्याच्या आणि पालकांनी सांगूनही पुसली नसल्याच्या आरोपावरून 2023 मध्ये अमेरिकेत हीच कंपनी 2.5 कोटी डॉलर दंड भरायला तयार झाली होती. म्हणून फक्त सेटिंगवर विसंबू नका. दर आठवड्याला व्हॉइस हिस्टरी उघडून बघा. मुलांचं आपापसातलं बोलणं सापडलं, तर पुसून टाका आणि स्पीकर कशाने जागा झाला ते शोधा.

वर्ष संपलं किंवा स्पीकर दुसऱ्या कुणाला द्यायचा असला, की आधी हिस्टरी पुसा, मग फॅक्टरी रिसेट करा आणि शेवटी तो खात्यातून काढून टाका.